ताट धरायला मुली लागतात

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी अंगणात बसून वाल सोलत होते. "मॅडम, विज्ञान शिक्षिका म्हणून तुमच्या हृद्य आठवणी लिहून द्या, वाचकांना फार आवडतात," ते म्हणाले. मी म्हटलं, हृद्य आठवणी आहेत, पण थोड्या आहेत. संतापाच्या भरपूर आहेत, त्या चालतील का? ते मनापासून हसले. मी गंमत करते आहे असं त्यांना वाटलं. "चालतील, चालतील," म्हणाले आणि फोन ठेवला. आता त्यांनी तक्रार करू नये.

मी श्रीगोंदा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. काष्टीच्या बाजाराला जाणारे टेम्पो शाळेच्या फाटकासमोरून जात. बाजाराच्या दिवशी वर्गात माझ्या आवाजापेक्षा टेम्पोतल्या शेरडांचा आवाज मोठा असे. शाळेचं नाव सांगत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते त्या एकाच शाळेत होतं असा कुणाचा समज व्हायला नको. मी मूळची नगरची. आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, वडील शिक्षक. मुलं मला साळवे मॅडम म्हणायची आणि त्यांच्या आज्या साळवे बाई. दोन्ही मला चालायचं. न चालण्यासारख्या गोष्टी वेगळ्या होत्या.

त्यातली एक म्हणजे अल्पोपहार समिती. शाळेत कोणताही कार्यक्रम निघाला की समित्या पडायच्या. मंडप, बैठक, तांत्रिक, परीक्षण, अल्पोपहार. मी बी.एस्सी. फिजिक्स. माझ्याबरोबरचे एक सर इतिहासाचे. विज्ञान प्रदर्शनाच्या तांत्रिक समितीवर ते आणि अल्पोपहारावर मी. "मॅडम, तुमच्या हातच्या पोह्यांची सर कुणाला नाही," असं मुख्याध्यापक भर सभेत म्हणायचे आणि सगळे माना डोलवायचे. हे कौतुक होतं, आणि कौतुकावर चिडणाऱ्या बाईला लोक काय म्हणतात ते वाचकांना ठाऊक आहेच. मला ते बऱ्याच वेळा म्हटलं गेलं आहे.

एकदा मला तालुक्याचा आदर्श शिक्षक पुरस्कारही मिळाला. माझ्याबरोबर आणखी एका सरांना होता. त्यांच्या मानपत्रात होतं, अभ्यासू, विज्ञाननिष्ठ, प्रयोगशील. माझ्या मानपत्रात होतं, मातृहृदयी, प्रेमळ, सोज्ज्वळ. त्या सरांनी त्यांच्या शाळेतल्या प्रयोगशाळेचं कुलूप वर्षात दोनदा उघडलं असेल, तेही पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला, झेंड्याची दोरी तिथे ठेवलेली असे म्हणून. प्रयोगशील मी होते. मातृहृदयी असेनही, पण ते माझ्या घरच्यांना विचारावं, तालुक्याने ठरवू नये. ते मानपत्र मी भिंतीवर कधी लावलं नाही.

आता विज्ञान प्रदर्शन म्हणजे काय ते सांगते. बाहेरच्यांना वाटतं, थर्माकोलचा ज्वालामुखी. ज्वालामुखी असतोच, दर वर्षी असतो, आणि दर वर्षी तो पाहुण्यांच्या बुटांवर सांडतो. पण त्याच्या पलीकडे रीत अशी असते. आधी शाळेत निवड, मग तालुका, मग जिल्हा, मग राज्य. एका मॉडेलमागे दोन विद्यार्थी आणि एक मार्गदर्शक शिक्षक. परीक्षक टेबलाटेबलावरून फिरतात, मुलांना माहिती सांगायला लावतात, दोन प्रश्न विचारतात, कागदावर गुण टाकतात आणि पुढे सरकतात. एकेका टेबलाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं येतात. तेवढ्या वेळात टेबलामागे जो उभा असेल तो वैज्ञानिक. बाकीचे सगळे मदतनीस.

दुसऱ्या तालुक्यांत मीही परीक्षक म्हणून पुष्कळ फिरले. माझा एक ठरलेला प्रश्न होता. बाकी काही विचारायचे नाही, फक्त एवढंच विचारायचे, "हे करताना पहिल्यांदा काय बिघडलं?" ज्याने स्वतः केलेलं असतं त्याचा चेहरा एकदम खुलतो. बिघडलेलं सांगायला त्याला कुणी विचारलेलंच नसतं. आणि ज्याने नुसतं पाठ केलेलं असतं तो मार्गदर्शक शिक्षकाकडे बघतो. जामखेडला दोन मुलांनी पाण्याच्या दाबावर चालणारी क्रेन आणली होती, गाडीसारखी चकचकीत रंगवलेली. मी प्रश्न विचारला. मुलांनी सरांकडे बघितलं आणि सरांनी मंडपाच्या छताकडे.

नेवाशाला याच्या उलट झालं. एका मुलीचा पंप होता, आणि तो चालत नव्हता. "मॅडम, सायकलच्या ट्यूबचा तुकडा झडप म्हणून लावलाय, तो गाडीत येताना उलटा झाला. म्हणून पाणी वर चढतं आणि माघारी जातं," तिने सांगितलं. बोट लावून जागा दाखवली. मी तिला पहिला क्रमांक द्यावा म्हणून भांडले. माझ्याबरोबरचे परीक्षक म्हणाले, "मॅडम, मॉडेल चालतच नाही हो." त्या गृहस्थांची एक खोड होती. मुलगा असला की ते विचारायचे, "तत्त्व काय वापरलं?" मुलगी असली की मान वाकडी करून, लाडात, "ही सजावट कुणी केली, बेटा?" त्या मुलीलाही त्यांनी तेच विचारलं. तिने टेबलावर साधा कागदसुद्धा अंथरलेला नव्हता. शेवटी तिला उत्तेजनार्थ मिळालं, आणि तिकडे जामखेडला क्रेनला तिसरा क्रमांक मिळाला होता. क्रेन कुणाच्या वर्कशॉपमध्ये झाली ते त्या मंडपात सगळ्यांना माहीत होतं.

पण ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसले ती आमच्याच शाळेतली.

ऋतुजा दरेकर दहावीला होती. उंच, बारीक, आणि बोलायला लागली की हातवारे करणारी. घरची शेती, कांद्याची. वडील दत्तूभाऊ, आई मंदाबाई, आणि एक धाकटी बहीण मयुरी, जी तेव्हा बालवाडीतून नुकती सुटून पहिलीत आली होती आणि दुपारी शाळा सुटली की माझ्या प्रयोगशाळेच्या पायरीवर येऊन बसायची. कांदा साठवायची चाळ म्हणजे बाजूंनी फळ्या, वर पत्रा, आत कांद्याचा ढीग. ढिगाच्या पोटात दमट हवा कोंडली की कांदा आतून सडतो, आणि बाहेर वास येईपर्यंत गाडीभर माल गेलेला असतो. ऋतुजाने एके दिवशी मला विचारलं, "मॅडम, पोटातली हवा बाहेर काढून बघता येईल का?"

तिथून ते मॉडेल सुरू झालं. एक भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा पाईप ढिगात उभा घालायचा. पाईपाच्या तोंडात दोन थर्मामीटर, त्यातल्या एकाला ओलं फडकं. हवा कोरडी असेल तर फडक्यातलं पाणी भराभर उडतं आणि तो थर्मामीटर गार पडतो. हवा दमट असेल तर पाणी उडत नाही आणि दोन्हींचे आकडे जवळ येतात. आकडे जवळ आले की चाळीच्या फळ्या काढायच्या, वारा खेळू द्यायचा. पुस्तकात हे सगळं आहे. पण पुस्तकातलं पाईपात उतरवताना बिघडलं. कांदा कोरडा असो की दमट, दोन्ही थर्मामीटर जवळजवळ सारखेच दाखवायचे. ऋतुजा रडकुंडीला आली. आणि मग तिलाच सुचलं की पाईपातली हवा हलतच नाही, तर फडकं वाळणार कसं? तिने आईचं सूप घेऊन पाईपाच्या तोंडाशी वारा घातला आणि ओल्या फडक्याचा पारा खाली उतरायला लागला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधला पंखा तिने मागून घेतला, पाईपाच्या तोंडावर उलटा बसवला. पंखा ढिगातली हवा वर ओढतो, ती थर्मामीटरवरून जाते. ते चाललं तेव्हा ती प्रयोगशाळेत एवढ्याने ओरडली की शेजारच्या वर्गातले मराठीचे सर आत डोकावून गेले.

जोडीदार म्हणून सोहम होता. चांगला मुलगा, त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. त्याचं पाठांतर पक्कं आणि आवाज खणखणीत. पाईपाला भोकं त्याने पाडून दिली.

आता यात पणाला काय लागलं होतं ते सांगते. ऋतुजाला अकरावीला सायन्सला जायचं होतं. सायन्स म्हणजे श्रीगोंद्याला एसटीने रोजचं येणं-जाणं, प्रॅक्टिकल असलं की उशीर. गावाजवळच्या कॉलेजात फक्त आर्ट्स. मी दत्तूभाऊंना शाळेत बोलावून घेतलं. ते टोपी हातात घेऊन बसले, चहा घेतला. "मॅडम, मला काय पोरीचं वाईट करायचंय व्हय?" म्हणाले. "पन सायन्स म्हंजी लई डोकं लागतं. तेवडं हिच्यात हाय का, ह्ये मला कसं कळावं? मी सातवी शिकल्यालो. तुमचं परदर्शन हाय ना? तिथं नंबर आला, तर मी समजंन की हाय. मग सोता घेऊन जातो श्रीगोंद्याला."

मला तो माणूस आवडला. सरळ बोलत होता. लोकांनी चार माणसांत सांगितलं की पोरीत डोकं आहे, तर आपण मानू. बाप म्हणून त्याने मागितलं ते एवढंच.

त्या वर्षी तालुक्याचं प्रदर्शन आमच्याच शाळेत होतं. आणि यजमान शाळेचा एक रिवाज असतो, जो कुठेही लिहिलेला नाही आणि कुठेही मोडला जात नाही. पाहुणे फाटकाशी आले की मुलींनी औक्षण करायचं. काठापदराच्या साड्या, हातात निरांजनाची ताटं, दोन रांगा. मग त्याच मुलींनी स्टेजवर स्वागतगीत म्हणायचं, आणि मग त्यांनीच शाली-नारळांची तबकं धरून उभं राहायचं. त्यासाठी मुली निवडतात त्या कशा? उंच, चुणचुणीत, धीट, वेळेवर येणाऱ्या, सांगितलेलं पहिल्या झटक्यात कळणाऱ्या. म्हणजे नेमक्या त्याच, ज्यांची मॉडेलं आत टेबलावर मांडलेली असतात. मठ्ठ मुलगी ताटाला कुणी घेत नाही. शाळेतल्या हुशार मुली वेचून फाटकावर उभ्या करायच्या, आणि मग आत परीक्षकांनी म्हणायचं की मुलींचा सहभाग कमी दिसतो. हे मी परीक्षकांच्या अहवालात वाचलं आहे.

मी मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी सांगितलं होतं की ऋतुजाला ताटातून वगळा. ते म्हणाले, "मॅडम, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. पाहुणे आले की ती मोकळीच."

पाहुणे आले नाहीत. आमच्याकडचे प्रमुख पाहुणे वेळेवर आले तर त्यांना कुणी प्रमुख समजत नाही. दहाचा कार्यक्रम, अकरा वाजून गेले. परीक्षकांना संध्याकाळच्या आत सगळी टेबलं उरकायची होती, ते म्हणाले, आम्ही सुरू करतो. मुली फाटकावर, आणि मी स्वयंपाकघरात, परीक्षकांसाठीच्या पोह्यांत मीठ बघत होते. एक मुलगी धावत सांगायला आली, "मॅडम, परीक्षक आत फिरायला लागलेत." मी झारा तसाच टाकून फाटकाकडे पळाले.

ऋतुजा रांगेत पहिली होती. निरांजन विझू नये म्हणून तिने पदराचा आडोसा केला होता. मला बघून तिने फक्त विचारलं, "मॅडम, आमच्या टेबलावर आले का?" मी तिच्या हातातलं ताट घेतलं आणि म्हटलं, "पळ." आमच्या घरी औक्षणाची रीत नाही, पण ताट धरायला काय लागतं? दोन हात. तर मुख्याध्यापक मध्ये आडवे. "मॅडम, काय करताय? गाडी काष्टीतून निघाल्याचा फोन आलाय. पहिलीच मुलगी हलवली तर रांग मोडते." मी म्हटलं, "मोडू द्या." ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही रांगेत शोभणार आहात का?"

ते वाक्य मी विसरलेले नाही. पण मी ताट सोडलं नाही आणि ऋतुजा पळाली. साडीत जेवढं पळता येतं तेवढी पळाली. आत पोचली तेव्हा परीक्षक पुढच्या ओळीत होते आणि त्यांच्या कागदावर आमच्या टेबलाचे गुण भरून झाले होते. ती त्यांच्या मागे गेली, "सर, मी पण आहे, मीच," असं काहीतरी म्हणाली. परीक्षक म्हणाले, "सांगितलं की मुलाने. उत्तम सांगितलं." तेवढ्यात फाटकावर फटाक्यांची माळ लागली. पाहुणे आले होते, आणि स्वागतगीताला ऋतुजा हवी होती. तिला स्टेजवर बोलावून नेलं.

दुपारी बक्षिसं जाहीर झाली. आमच्या मॉडेलला पहिला क्रमांक मिळाला. सूत्रसंचालकांनी माईकवर सांगितलं, "प्रथम क्रमांक, कांदा साठवणूक यंत्र, सोहम आणि सहकारी."

आणि सहकारी! सहकारी स्टेजवरच होती. ढाल ठेवलेलं तबक तिच्याच हातात होतं. पाहुण्यांनी त्या तबकातून ढाल उचलली आणि सोहमला दिली. सोहमने तिच्याकडे बघितलं, हात पुढे करावा की नाही हे त्या पोराला कळेना, तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "इकडे बघा." मी मंडपाच्या कडेला उभी होते. "मुलीचं नाव घ्या," असं मी मोठ्याने ओरडले. पुढच्या रांगेतल्या लोकांनी मागे वळून बघितलं. सूत्रसंचालक द्वितीय क्रमांकाकडे वळले होते. तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. त्यात पाहुणे आहेत, मुख्याध्यापक आहेत, सोहम आहे, आणि डाव्या कडेला एक तबक आहे, त्याला धरलेले दोन हात आहेत, हिरव्या बांगड्यांचे. हात कोपरापाशी कापले आहेत.

दत्तूभाऊ मंडपात बसले होते. कार्यक्रम संपल्यावर ते पोरीला घ्यायला आले. मनापासून खूश होते. "लई छान दिसत हुतीस स्टेजवर," ते तिला म्हणाले. "ताट बी किती नीट धरलंस, हात हलला न्हाई." ऋतुजा हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवायला लागली. मीच बोलले. मी म्हटलं, "दत्तूभाऊ, पहिला नंबर तिचा आहे. मॉडेल तिचं आहे." ते अवघडले. "तुमी म्हनता तर आसंल, मॅडम. पन नाव तर त्या पोराचं पुकारलं की. आन् त्ये सांगत बी हुतं फाडफाड, मी सोता ऐकलं. हिनं मदत केली आसंल." एवढ्या माणसांसमोर माईकवर एक सांगितलं गेलं होतं आणि मी मंडपाच्या कोपऱ्यात दुसरं सांगत होते. त्यांनी माईकवर विश्वास ठेवला.

जिल्ह्याला नगरला जायचं तर मुक्काम होता. मुख्याध्यापक म्हणाले, मुलीची जबाबदारी कोण घेणार? मी घेते म्हटलं, माझं माहेर आहे तिथे. तर म्हणे दहावीचे तास कोण घेणार? सोहमबरोबर दुसरा एक मुलगा गेला. तिथे कुणी तरी माझ्याच जातकुळीचं परीक्षक होतं. परत आल्यावर सोहमनेच मला येऊन सांगितलं. "मॅडम, त्यांनी इचारलं, पहिल्यांदा काय बिघडलं? मी म्हनालो, काहीच बिघडलं न्हाई." आणि मान खाली घालून म्हणाला, "तिला न्यायला पायजे हुतं." त्या पोराला जे कळलं ते शाळेला कळलं नाही. आमचा नंबर गेला आणि मुख्याध्यापकांनी त्याचं खापर नगरच्या वशिलेबाजीवर फोडलं.

जून उजाडला. दहावीचा निकाल चांगला लागला. मी दरेकरांच्या वस्तीवर गेले. चाळीत कांदा भरलेला होता आणि ढिगातून ऋतुजाचा पाईप वर आलेला, पंखा घरघरत होता. मला बरं वाटलं. तेवढ्यात दत्तूभाऊ कौतुकाने म्हणाले, "बघा, बसवलंय आमी बी सोहमचं यंत्र. लई कामाचं हाय. गावात चौघांनी बसवलं."

सोहमचं यंत्र! ज्या घरात ते जन्मलं, ज्या घरच्या सुपाने त्याला पहिला वारा घातला, त्या घरात त्याचं नाव सोहमचं यंत्र. माझा तोल गेला. मी विचारलं, "बंद पडलं तर कुणाला हाक मारता?" ते म्हणाले, "ऋतुजाला." "सोहमला नाही?" घरातून मंदाबाई बाहेर आल्या, हात पदराला पुसत. "मी तेच म्हनते कवाधरनं," त्या म्हणाल्या. "सूप माजं न्हेलं हुतं हिनं. त्या पोराला आमची चाळ तरी ठाव हाय का?" दत्तूभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले, "आगं पन नंबर..."

ऋतुजा आर्ट्सला गेली. मी आणखी दोनदा गेले, मंदाबाई भांडल्या, पण त्या घरात शेवटचा शब्द माईकचा होता. तिने बी.ए. केलं. लग्न जामखेडकडे झालं. सासरी कृषी सेवा केंद्र आहे. औषधाचं प्रमाण किती, कुठलं कशात मिसळू नये, हे शेतकरी तिलाच विचारतात. दुकानाच्या पाटीवर दिराचं आणि नवऱ्याचं नाव आहे. सोहम पुण्याला इंजिनिअर झाला आणि मला दर शिक्षकदिनाला न चुकता फोन करतो. दोघांचं बरं चाललं आहे, असं म्हणून हा लेख गोड करता आला असता. मला तो गोड करायचा नाही. त्या मुलीच्या डोक्यात जे होतं ते वाया गेलं, आणि ते कुणी दुष्टपणाने घालवलं नाही. सगळ्यांनी मिळून, हसतमुखाने, निरांजन लावून घालवलं. मला अजून त्याचा राग येतो आणि मी तो जाऊ देणार नाही.

मी निवृत्त होऊन नगरला परतले. गेल्या हिवाळ्यात शाळेतून फोन आला. मुख्याध्यापक नवे होते. तालुक्याचं प्रदर्शन पुन्हा त्यांच्याकडे होतं आणि प्रमुख पाहुण्या म्हणून त्यांना मी हवी होते. मी हरखले, खोटं कशाला बोलू? सकाळची एसटी धरली. कारखाने चालू होते. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे आमची एसटी बैलगाडीच्या चालीने सरकत राहिली. पोचायला चांगलाच उशीर झाला.

फाटकात दोन रांगा. काठापदराच्या साड्या. ताटं. निरांजनं.

पहिल्या मुलीने ताट वर उचललं आणि मला ओवाळायला हात पुढे केला. ती उंच होती आणि निरांजनाला पदराचा आडोसा धरायची तिची तऱ्हा माझ्या ओळखीची होती. मी म्हटलं, "तू कोण गं?" "मी मयुरी, मॅडम. ऋतुजाची बहीन. तुमच्या लॅबच्या पायरीवर बसायची." "किती वेळ उभी आहेस?" "तुमचीच वाट बघत हुतो सगळ्या." "तुझं मॉडेल आहे का आत?" "हाय ना." "परीक्षक?" तिने आतल्या मंडपाकडे नजर टाकली. "फिरतेत," म्हणाली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. यावेळी ज्याच्यासाठी पोरी खोळंबल्या होत्या तो उशिरा येणारा पाहुणा मीच होते. मी तिच्या हातातलं ताट घेतलं आणि नव्या मुख्याध्यापकांच्या हातात दिलं. ते बिचारे ते धरून उभे राहिले. मी म्हटलं, "सर, या सगळ्या मुली आपापल्या टेबलामागे जातील. जी टेबलं मुलींशिवाय तपासली गेली, तिथे परीक्षक पुन्हा जातील. ते होईपर्यंत मी स्टेजवर चढणार नाही. आणि आजपासून ताटं टेबलावर ठेवायची. टेबलाला चार पाय असतात, ते दिवसभर उभं राहू शकतं."

आणि हे सगळं झालं! लगेच झालं, हूं की चूं न करता. शिक्षिका म्हणून मी वर्षानुवर्षं हेच मागत होते तेव्हा मी भांडकुदळ होते. पाहुणी म्हणून आले तर, "मॅडमची सूचना फार मोलाची आहे." परीक्षक परत फिरले. मुली साड्या मुठीत धरून पळाल्या.

मी मयुरीच्या टेबलापाशी गेले. उसातून बिबट्या गोठ्याकडे आला की भोंगा वाजणारं यंत्र होतं. तिचा जोडीदार मुलगा बाजूला सरकला. मी परीक्षक नव्हते, पण राहवलं नाही. विचारलं, "पहिल्यांदा काय बिघडलं?" तिचा चेहरा असा खुलला! "मॅडम, आमचं कुत्रंच सारखं भोंगा वाजवायचं. आधी कोंबड्या वाजवायच्या, म्हनून सेन्सरचा डोळा गुडघ्याएवढा वर बसवला. कोंबड्या आन् मांजर सुटली त्यातनं, पन कुत्र्याचं काय करनार?" बाजूला येऊन थांबलेल्या परीक्षकांनी विचारलं, "मग काय केलं?" ती म्हणाली, "रातच्याला त्याला आत बांधलं." परीक्षक खो-खो हसले आणि त्यांनी तिला आणखी बरंच विचारलं. तिने एकाही उत्तराला कुणाकडे बघितलं नाही.

तिला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला एका मुलाचा होता आणि तो त्याचाच होता, मी त्यालाही तोच प्रश्न विचारून बघितला होता. माईकवर पुकारलं, "मयुरी दत्तात्रय दरेकर." पूर्ण नाव. मग जोडीदाराचं, तेही पूर्ण. ढाल मी टेबलावरून उचलली आणि तिच्या हातात दिली.

कार्यक्रम संपल्यावर दत्तूभाऊ भेटायला आले. केस पांढरे झाले होते. टोपी तशीच हातात. मला वाटलं, आभार मानतील. ते ढालीकडे बघत होते, मग टेबलावरच्या रिकाम्या ताटांकडे बघत राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "थोरलीचं बी आसंच झालं हुतं का?"

"हो," मी म्हटलं. "मी तेव्हा सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं हुतं," ते म्हणाले. "व्हय, सांगितलं हुतं तुमी."

त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि तिथेच उभ्याउभ्या जामखेडला लावला. पलीकडून ऋतुजाचा आवाज मलाही ऐकू येत होता. ती "हॅलो, हॅलो, दादा, बोला ना, मयुरीचं काय झालं," असं विचारत राहिली.